डंकर्कच्या कार्निव्हलमध्ये आम्ही दोघांनी सोंगं घेतली. आपल्या शिमग्यात पाहुण्याला घेऊ द्यावीत का?

सागरगोटी

मंडळी, गावोगाव शिमग्याच्या बैठका सुरू झाल्या असतील, म्हणून धागा आत्ताच काढते. बाहेरून आलेला माणूस, मग तो पुण्याचा असो की परदेशातला, आपल्या शिमग्यात सोंग घेऊन उतरू शकतो का? की त्याने कडेला उभं राहून मोबाईलवर चित्रण करायचं, घावणे-चटणी खायची आणि गाडीत बसायचं? माझं मत असं की त्याला आत घ्यायला हवं. हे मत कशामुळे झालं ते सांगते.

आम्ही हर्णैचे. नवरा जहाजांच्या इंजिनाच्या कामावर असतो, सध्या बेल्जियममध्ये गेंटला आहे आणि थंडीत मीही इकडे आले. त्याच्याबरोबर काम करणारा एक जण फ्रान्सच्या उत्तर टोकाच्या डंकर्कचा. तो म्हणाला, १५ फेब्रुवारीच्या रविवारी आमच्याकडे या, पण साध्या कपड्यांत येऊ नका.

डंकर्क म्हटलं की आपल्याला १९४० ची ती सैन्याची माघार आठवते. त्या युद्धात शहराचा बहुतेक भाग उद्ध्वस्त झाला होता. पण तिथल्या माणसांना विचाराल तर ती आधी कार्निव्हलबद्दल बोलतात. पूर्वी इथले खलाशी हिवाळा सरताना आइसलँडच्या समुद्रात कॉड धरायला निघायचे ते जवळजवळ सहा महिन्यांसाठी. बरेच जण परत यायचे नाहीत. निघण्याआधी जहाजमालक त्यांना जेवण घालायचे, थोडी उचल हातावर ठेवायचे आणि मग गावभर धुडगूस चालायचा. ती मासेमारी केव्हाच संपली, धुडगूस तेवढा राहिला. ऍश वेन्सडे, म्हणजे ख्रिस्ती उपासाचा काळ सुरू होतो तो बुधवार, त्याआधीचे रविवार, सोमवार आणि मंगळवार हे मुख्य दिवस.

त्या मित्राने नवऱ्याला आईचा फुलाफुलांचा झगा दिला. मला मामाचा जुना केसाळ कोट, पिसांची टोपी आणि हातभर दांडा जोडलेली रंगीत छत्री. गालांवर रंग. रस्त्यावर आलो तर निम्मे पुरुष लुगड्यात म्हणावेत असे, झगे, जाळीचे मोजे, लिपस्टिक. पुढे वाजंत्री: बासऱ्या, ढोल, पितळी वाद्यं, आणि वाजवणारे सगळे कोळ्यांच्या पिवळ्या रेनकोटात. त्यांच्यामागे पहिल्या रांगेत धिप्पाड माणसं कोपरात कोपर अडकवून मागचा लोंढा थोपवून धरतात. वाजंत्री थांबून विशिष्ट चाल वाजवू लागली की मागचे सगळे जोर लावतात आणि पुढचे पाय रोवून उभे राहतात. त्या रेट्यात सापडलं की आपले पाय जमिनीला लागतात की नाही ते कळत नाही.

संध्याकाळी पाच वाजता नगरपालिकेच्या सज्जातून महापौर आणि नगरसेवक गर्दीवर धुरी दिलेले हेरिंग मासे फेकतात. ४५० किलोच्या आसपास! नवऱ्याने झग्याचा ओचा पसरून एक झेलला. मग सगळे ज्यां बार्टच्या पुतळ्याच्या चौकात. हा ज्यां बार्ट (१६५०-१७०२) तिथलाच दर्यावर्दी, चौदाव्या लुईच्या बाजूने शत्रूची जहाजं धरणारा. आपल्या कान्होजी आंग्र्यांचाच काळ. वाजंत्री मध्ये, माणसं भोवती गरगर फिरतात, तासभर. शेवटी हजारो माणसं त्या झग्यांत आणि पिसांत गुडघ्यांवर बसतात, हात वर करतात आणि त्याच्या नावाचं गाणं म्हणतात. माझ्या शेजारचे आजोबा रडत होते. मला गाण्यातला शब्दही कळत नव्हता, तरी मी रडले.

दिवसभरात आम्हाला कुणीही विचारलं नाही की तुम्ही कुठले. सोंग अंगावर होतं, एवढं पुरे होतं. सुवर्णदुर्गासमोर वाढलेली मी, आमच्याच पालखीपुढे उभ्या राहणाऱ्या पाहुण्यांना आम्ही असं आत का ओढत नाही, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

तिरफळ

सुंदर लिहिलंयस ताई. पण भाऊजींचा झग्यातला फोटो नसेल तर हा धागा ग्राह्य धरला जाणार नाही.

नाखवा

हेरिंग म्हणजे आपल्याकडचा कुठला? आणि अंगावर फेकलेला मासा लोक खातात का? एवढ्या माशाची नासाडी आमच्याने बघवणार नाही.

सागरगोटी

@तिरफळ, त्याची परवानगी मिळाली की टाकते. तो तयार आहे, सासूबाईंनी बघू नये एवढीच अट आहे.

@नाखवा दादा, आपल्या तारलीच्याच कुळातला, थोडा मोठा. मधून चिरून, मीठ लावून धुरी दिलेला असतो. नुसता फेकत नाहीत, पारदर्शक पिशवीत बंद असतो. लोक घरी नेऊन खातात. आम्ही उकडलेल्या बटाट्याबरोबर खाल्ला. आपल्या सुक्या बांगड्याची सवय असणाऱ्याला जड जात नाही.

आंबामोहोर

ताई, तुमचा अनुभव मनापासून आवडला, पण मताशी सहमत नाही. मी गुहागर तालुक्यातला, आमचं घर खेळ्यांचं, म्हणजे शिमग्यात देवाच्या नावाने घरोघर सोंगं नाचवणाऱ्यांचं. म्हणून सविस्तर लिहितो.

डंकर्कला माणसं सोंग घेतात ती मजेसाठी. त्यात वाईट काही नाही. पण आमचा संकासुर मजा नाही. अंगभर काळे कपडे, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा, हातात दोरीचा चाबूक. तो अंगणात आला की बायका लहान पोराला त्याच्यापुढे धरतात, कुणी नवस बोलतं, कुणी फेडतं. हे सोंग आमच्या वाडीत ठराविक घराकडे आहे. ज्याच्या अंगावर ते चढतं तो ते दिवस पाळतो. गोमू, म्हणजे बाईच्या वेशातलं सोंग, नाचवणारा, मृदंग वाजवणारा, सगळ्यांचं असंच. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून, रूपं, म्हणजे देवाचे मुखवटे, लावून पालखी बाहेर पडते आणि खेळे तिच्या नावाने घरोघर फिरतात. उद्या पुण्याचा पाहुणा म्हणाला, मला दोन तास संकासुर व्हायचंय, तर मी त्याला काय सांगू?

तिथे गुडघ्यावर बसून ज्यां बार्टचं गाणं म्हणताना तुम्हाला कुणी वाजंत्री वाजवायला दिली नाहीत. पिवळा रेनकोट तुम्हालाही मिळाला नाही. म्हणजे तिथेही आतल्या आत एक आत आहे.

अबोली

आंबामोहोर यांचा शेवटचा मुद्दा बिनतोड आहे.

कुडाळी माणूस

बाय माझे, तुमच्या रत्नागिरीत ह्यो प्रश्न पडता. आमच्या सिंधुदुर्गात रोंबाट, म्हणजे सोंगां घेवन नाचत जाणारी मिरवणूक, असता, तेका कोण कोणाक विचारता? पोरां दारोदार जावन शबय, म्हणजे शिमग्याची वर्गणी, मागतत. कोणी राक्षस, कोणी म्हातारी, कोणी पोलीस. नेरूरच्या मांडार, म्हणजे शिमग्याच्या ठरलेल्या जागेर, तर एवढे मोठे प्राणी नि देखावे करून नाचवतत की बघणाऱ्याची मान दुखता. मुंबयचे चाकरमानी येतत, तेंचे मित्र येतत, सगळे घुसतत. पाहुणो म्हणून कोण बाजूक ऱ्हवता? पालखी नि मान येगळो, रोंबाट येगळा. दोन्ही आमच्याकडे आसत. गोंधळ करू नकात.

सागरगोटी

आंबामोहोर दादा, वाजंत्र्यांचं अगदी खरं आहे. पहिल्या रांगेतही कुणीही उभं राहू शकत नाही. ती माणसं ठरलेली असतात, त्यांचा एकमेकांवर भरवसा असतो. आणि शिवाय घरं. तिथे कार्निव्हलच्या दिवशी काही घरं मित्रांसाठी उघडी असतात, आत कांद्याचं सूप, जेलीतलं थंड मांस, बिअर. त्याला ते ‘चॅपल’ म्हणतात. मित्राच्या ओळखीशिवाय आम्ही त्या दारातून आत गेलो नसतो. पण रस्ता सगळ्यांचा होता. आपल्याकडे रस्त्यावरही जागा नाही, असं मला वाटतं. कुडाळी दादा म्हणतात तशी ती सिंधुदुर्गात असेल, दापोलीकडे ती मला कमी होताना दिसते.

काजूगर

शाकाहारी माणसाने तिथे काय खायचं? मासे झेलायचे आणि दुसऱ्याला द्यायचे?

सागरगोटी

बटाट्याचे तळलेले काप आणि वाफल दोन्ही मुबलक. आणि झेललेल्या माशाच्या बदल्यात कुणीही बिअर पाजेल. :)

जांभा

दुसरं उदाहरण देतो. मुलगा स्वित्झर्लंडला असताना आम्ही नवरा-बायको बाझेलचा फासनाख्त, म्हणजे तिथला कार्निव्हल, बघितला. ऍश वेन्सडेनंतरच्या सोमवारी पहाटे चार वाजता जुन्या शहरातले सगळे दिवे एकदम बंद करतात. अंधारात फक्त रंगवलेले कंदील, मोठे आणि डोक्यावर घेतलेले छोटे, आणि शेकडो ढोल-पिकोलो एकाच वेळी सुरू. अंगावर काटा येतो. मग ७२ तास चालतं. २०१७ मध्ये युनेस्कोने त्याला वारशाच्या यादीत घेतलं.

पण बाझेलला बघणाऱ्याने सोंग घ्यायचं नाही. मुखवटे फक्त मंडळांच्या लोकांचे, जे वर्षभर ढोल आणि पिकोलोचा सराव करतात. तोंड रंगवून, विग घालून आलेला पाहुणा तिथे शोभत नाही, लोक नापसंतीने बघतात. पाहुण्याने करायचं ते एकच: त्या वर्षाचा बिल्ला विकत घेऊन कोटावर लावायचा. तांब्याचा, चांदीचा, सोन्याचा असे असतात आणि ते पैसे मंडळांना जातात. बिल्ला नसेल तर मुखवटेवाला येऊन मानेतून मूठभर कागदी तुकडे आत सोडतो. ते तुकडेही एकाच रंगाचे हवेत. मिश्र रंगाचे म्हणजे रस्त्यावरून गोळा केलेले, ते उधळणं असभ्य.

तरी मला परक्यासारखं वाटलं नाही. चार वाजता थंडीत उभं राहणं, पिठाचं गरम सूप पिणं, वाट सोडणं, गप्प ऐकणं, यालाही जागा होती. सोंग न देताही माणसाला आत घेता येतं. आमचा गुहागरचा शिमगा मला डंकर्कपेक्षा बाझेलच्या जवळचा वाटतो.

आंबामोहोर

जांभा, हेच मला म्हणायचं होतं आणि उदाहरण सापडत नव्हतं. आमच्याकडे वर्गणी देणाऱ्या पाहुण्याचं नाव गाऱ्हाण्यात घेतात. यापेक्षा मोठा बिल्ला कुठला?

तिरफळ

मानेतून कागद सोडायची कल्पना मात्र घ्या. पालखीपुढे पाठ करून सेल्फी काढणाऱ्यांसाठी.

नाखवा

तिरफळ, त्याला माझं अनुमोदन!

आता मुद्द्याचं. सागरगोटी, तू डंकर्कच्या खलाशांचं लिहिलंस त्यावरून मला शिमग्यापेक्षा नारळी पौर्णिमा आठवली. त्यांचं समुद्रावर जाण्याआधीचं जेवण, आपलं बंदी उठल्यावर दर्याला नारळ देणं. १ जून ते ३१ जुलै बोटी वर ओढलेल्या, जाळी शिवायची, मग पहिली फेरी. भीती तीच, उत्साहही तोच.

पण तुझा प्रश्न पाहुण्याचा आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. माझ्या बोटीवर बरेचसे खलाशी नेपाळचे आहेत. आमच्या बंदरात बहुतेक बोटींवर आता तेच. सप्टेंबरपासून मेपर्यंत आमच्याबरोबर असतात. वादळात त्यांनीच दोरी धरायची, पहाटे लिलावाला टोपल्या त्यांनीच उतरवायच्या. पहिल्या वर्षी पालखी कोळवाड्यात आली तेव्हा ते बोटीवरच बसून होते. पुढच्या वर्षी माझी आई गेली आणि म्हणाली, उठा, देव दारात आलाय नि तुम्ही काय करताय. त्यानंतर ते पालखीपुढे नाचतात. त्यातला एक ढोल असा वाजवतो की वाडीतली पोरं त्याच्याकडून शिकतात. त्याला कुणी विचारत नाही मान कुणाचा. त्याने घाम गाळलाय.

पुण्याचा माणूस एका रात्रीसाठी येतो. त्याने आधी काय केलंय? मला वाटतं फरक तिथे आहे. गावात किती राहिला, गावासाठी काय केलं.

अबोली

नाखवा दादा, डोळ्यात पाणी आणलंत.

मी चिपळूणकडची, लग्न होऊन राजापुरात. माझा मुद्दा जरा वेगळा आहे आणि तो पुण्याच्या पाहुण्याचा नाहीच. सागरगोटीताई, तुम्ही कोट घालून, टोपी लावून गर्दीत शिरलात, पुरुषांबरोबर रेटारेटी केलीत. हे तुम्ही हर्णैला केलं असतं का? आपल्या शिमग्यात गोमू पुरुष, राधा पुरुष. बाईने ओटी भरायची, पालखीच्या पाया पडायचं, पाहुण्यांचं जेवण करायचं. मी लहानपणी भावाचा शर्ट घालून पोरांच्या टोळीत ‘आयना का बायना, घेतल्याशिवाय जायना’ ओरडत फिरले होते. दहाव्या वर्षानंतर बंद. आता नमन या लोकनाट्याची महिलांची मंडळं उभी राहिली आहेत, बायका मृदंग धरतात, गण-गवळण करतात, ते बघून मला फार बरं वाटतं. पण वाडीच्या खेळ्यांत अजून नाही.

पाहुण्याला आत घेऊ का, हे ठरवताना घरातल्या माणसांना आधी घ्या.

सागरगोटी

अबोली, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. नाही, हर्णैला मी हे केलं नसतं. तिथे रेट्यात माझ्या दोन्ही बाजूंना बायका होत्या, एक तर साठीची. मुलांसाठीही त्यांची वेगळी मिरवणूक असते, त्यात आया-आज्या सोंगं घेऊन चालतात.

शास्त्रीपूल

सगळे डंकर्कचं कौतुकच करताय म्हणून दुसरी बाजू. तिथे कार्निव्हलच्या काळात जे नाच होतात त्यातल्या एका रात्रीत लोक तोंडाला काळं फासून आफ्रिकी माणसांचं सोंग घेत असत. २०१८ मध्ये त्यावरून फ्रान्समध्ये मोठा वाद झाला. विरोध करणारे म्हणाले, हा वंशद्वेष आहे. गावातले म्हणाले, ही जुनी परंपरा आहे, नाचाचे पैसे आम्ही दानधर्माला देतो. ‘सोंग घेतलं की सगळे सारखे’ हे तितकंसं खरं नाही. ज्याचं सोंग घेतलं जातं तो माणूस गर्दीत उभा असेल तर त्याला काय वाटेल? आपल्याकडेही शिमग्यात कुणाकुणाची नक्कल करतात, कुठल्या जातीची, कुठल्या व्यंगाची, हे आठवून बघा.

सागरगोटी

हा वाद मित्राने आम्हाला आपण होऊन सांगितला होता, त्याच्या घरातच त्यावर दोन मतं आहेत. मला विरोध करणाऱ्यांचं पटतं. दान चांगलं असलं तरी तोंड रंगवणं त्यामुळे चांगलं होत नाही. आणि आपल्या नकलांबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. तोतऱ्या माणसाची नक्कल बघून हसणाऱ्यांत माझ्याच वर्गातला तोतरा मुलगा उभा असायचा.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. पणजीचा कार्निव्हल म्हणजे कार्निव्हलचा राजा किंग मोमो, चित्ररथ, ‘खा, पी, मजा कर’चा फतवा. १९६१ नंतर हे चित्ररथांचं रूप आलं आणि आता पर्यटक कठड्यामागे उभे राहून बघतात. जाहिरातींच्या गाड्याही जातात. माझ्या आजीच्या वेळी, साष्टीतल्या गावांत, लोक एकमेकांवर पीठ आणि रंगीत पाणी टाकायचे, दारोदार खेळ करायचे. अजून काही गावांत ते आहे, पण त्याची जाहिरात होत नाही. आणि नाही होत म्हणूनच ते टिकलं, असं माझी आई म्हणायची.

तुम्ही पाहुण्यांना बोलवायचं ठरवलंत तर आधी एक ठरवा: कठडा बांधायचा नाही. कठडा आला की एका बाजूला नाचणारे, दुसऱ्या बाजूला तिकीटवाले.

गलबत

व्हेनिसला जाऊन आलेलं कुणी आहे का? आम्ही दोघं पुढच्या हिवाळ्यात शनिवार-रविवार जोडून जायचा विचार करतोय. डंकर्क की व्हेनिस?

जांभा

मुखवटे आणि फोटो हवे असतील तर व्हेनिस. तिथला कार्निव्हल १७९७ मध्ये प्रजासत्ताक बुडाल्यावर मोडला आणि १९७९ मध्ये पुन्हा सुरू झाला. पांढरा बाउता मुखवटा, चोचीवाला प्लेगचा वैद्य, सगळं सुरेख, लोक सान मार्कोच्या चौकात सावकाश फिरतात आणि तुमच्यासाठी उभे राहतात. घाम गाळायचा असेल तर डंकर्क. चॉकलेटं झेलायची असतील तर कोलोन, तिथे रोझेनमोंटागच्या मिरवणुकीत गाड्यांवरून गोळ्या-चॉकलेटं आणि फुलं उधळतात. आणि मंगळवारी रात्री ते पेंढ्याचा माणूस जाळतात. वर्षातली सगळी पापं त्याच्या माथी मारून! ते बघताना बायको म्हणाली, आता बोंबा मारायला हव्यात.

कुडाळी माणूस

मगे मारल्यात की नाय?

जांभा

तिने मारली. आजूबाजूच्या चौघांनी साथ दिली.

सागरगोटी

@गलबत, २०२७ मध्ये डंकर्कचे ते तीन दिवस ७ ते ९ फेब्रुवारी. पॅरिसहून वेगवान गाडीने साधारण दोन-अडीच तास, लिल शहराहून तर अगदीच जवळ. गावातली हॉटेलं फार आधी भरतात, म्हणून लिलला राहणं सोपं. शेंगेन व्हिसाची फी आता ९० युरो आहे, अर्ज लवकर करा. झग्याच्या आत गरम कपड्यांचे दोन थर हवेतच, उत्तरेच्या समुद्राचा वारा हाडात जातो. चपला नको, पायावर पाय पडतात, जाड बूट घाला. पाकीट आतल्या खिशात. दम लागत असेल तर वाजंत्र्यांच्या लगेच मागे जाऊ नका, मागच्या बाजूला गर्दी सैल असते आणि मजा तेवढीच. गाणी पुष्कळशी चावट आहेत, अर्थ विचारू नका.

नाखवा

म्हणजे आपल्या फाका, शिमग्यातल्या चावट आरोळ्या. लोक सगळीकडे सारखेच, थंडी तेवढी कमीजास्त.

तिरफळ

फोटो???

आंबामोहोर

शिमगा आटपला. धागा वर काढतोय कारण काहीतरी सांगायचं आहे.

यंदा होळीचं झाड आणायच्या दिवशी आमच्या वाडीत माणसं कमी पडली. मुंबईहून येणाऱ्यांपैकी निम्म्यांना सुट्टी मिळाली नाही, गावात राहिलेले बहुतेक साठीच्या पुढचे. झाड मोठं, उतारावरून आणायचं, मध्ये ओढा. शेजारच्या घरी घरगुती निवास आहे, तिथे पाच-सहा पाहुणे उतरले होते, कोल्हापूरकडचे. ते बघायला आले. आमच्या गावप्रमुखांनी कॅमेरे खाली ठेवायला सांगितले आणि म्हणाले, खांदा द्या. त्यांनी दिला. जमिनीला न टेकवता सहाणेपर्यंत, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यापर्यंत, आणलं. वाटेत आरोळ्या मारायच्या त्याही त्यांनी मारल्या, आमच्यापेक्षा मोठ्याने. खांदे सोलवटले एकेकाचे. रात्री होम लागला तेव्हा गाऱ्हाण्यात त्यांची नावं आली आणि सगळ्या गावाने ‘होय महाराजा’ म्हटलं.

मला तेव्हा सागरगोटीताईंनी लिहिलेली ती पहिली रांग आठवली, कोपरात कोपर अडकवून लोंढा थोपवणारी. संकासुराचं सोंग मी पाहुण्याला देणार नाही, हे मत तसंच आहे. पण खांद्याला जागा आहे. झाडाला लागते, पालखीच्या दांड्याला गाव ठरवेल तशी. आणि ती जागा आता रिकामी पडत चालली आहे, हेही खरं.

अबोली

गावप्रमुखांना नमस्कार सांगा. पुढच्या वर्षी आमच्याही खांद्यांचा विचार व्हावा.

आंबामोहोर

अबोलीताई, बैठकीत मांडतो. शब्द देतो की मांडेन, निकाल गावाचा. आमच्या घरात आईचं आणि बायकोचं मत तुमच्या बाजूने आहे.

शास्त्रीपूल

पालखी दोन्ही बाजूंनी उचलली जाते, बायकांच्या खांद्यावर दिली तर देवाला काय अडचण, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. बैठकीत हेही विचारा.

कुडाळी माणूस

आणि पाहुण्याक सोंगच घेवचा असात तर रोंबाटाक धाडा. आमी रंगवतो तेका.

सागरगोटी

आंबामोहोर दादा, तुमचं वाचून मी माझा प्रश्न बदलते. सोंगाचा हट्ट सोडते. खांद्याचा धरते. पण रस्त्यावरच्या रंगाचा, टोळ्यांचा, पोरांच्या सोंगांचा जो मोकळा भाग आहे तो पाहुण्यांसाठी खरंच मोकळा असावा, यावर मी ठाम आहे. तो डीजेने खाल्लाय. ढोल-ताशा आणि सनई असली की अनोळखी माणूसही नाचतो. भिंतीएवढे स्पीकर लावले की जो तो आपल्या जागी उभा राहतो.

आम्ही शिमग्याच्या आदल्या आठवड्यात हर्णैला परतलो. आमच्या वाडीत मी यंदा पोरींची टोळी काढली. बापांचे, भावांचे शर्ट, कोळशाच्या मिशा. पहिल्या दोन घरांत लोक गप्प झाले. तिसऱ्या घरातल्या आजींनी पोस्त, म्हणजे शिमग्याची बक्षिसी, दिलं आणि म्हणाल्या, गाणं म्हणा की मोठ्याने. मग कुणी अडवलं नाही.

आता खरी मदत हवी आहे. तो डंकर्कचा मित्र आणि त्याची बायको पुढच्या वर्षी शिमग्याला येतायत. होळी २१-२२ मार्च २०२७ ला आहे. त्यांना हर्णैची पालखी दाखवायची आहेच, पण आंबामोहोर दादांचं झाड आणि नेरूरचा मांडही दाखवायचा आहे. दोघंही धडधाकट आहेत, तो तर पहिल्या रांगेत उभा राहणारा आहे. कसं बसवू?

आंबामोहोर

असा खांदा असेल तर गावप्रमुख स्वतः न्यायला येतील. पण आमचे शिमगे तेरसे आहेत, म्हणजे झाड त्रयोदशीला. तुमचे भद्रेचे असतील तर पौर्णिमेला. आधी आमच्याकडे या, मग हर्णैला जा, दोन्ही जमेल. दाभोळची फेरीबोट पकडलीत तर गुहागर-दापोली वळसा वाचतो.

कुडाळी माणूस

नेरूरच्या मांडाची तारीख गावाक विचारून सांगतंय. ता होळीच्या मागसून असता, म्हणून शेवटाक येवा. जेवणाची काळजी नको. आमचो बांगडो धुरीचो नसता, तिखल्याचो असता, तेंका आधी सांगून ठेवा.

नाखवा

मुंबईहून येणार असतील तर खेडला उतरायचं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून लक्ष ठेव. शिमग्याच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. आणि त्याला म्हणावं, येताना तो पिवळा रेनकोट घेऊन ये. माझ्या बोटीवर एक फेरी मारून आणतो.